विश्लेषण : फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी मदत कुठून मिळते? शेगावच्या रुग्णाने सुरुवात कुठून करावी?

फुफ्फुस प्रत्यारोपणाचा सल्ला मिळाला की शेगावसारख्या तालुक्याच्या गावातील कुटुंबापुढे पहिला प्रश्न पैशांचा उभा राहतो. मदतीचे मार्ग आहेत : सरकारी निधी, धर्मादाय रुग्णालये, देवस्थाने, सेवाभावी संस्था. मात्र यातील बहुतेक मदत शस्त्रक्रियेच्या बिलासाठी असते. शस्त्रक्रियेआधीची प्रतीक्षा आणि नंतर आयुष्यभर चालणारी औषधे यांचा भार कुटुंबावरच पडतो. कोणती मदत कशासाठी मिळते, तिच्या अटी काय आणि ती कुठे तोकडी पडते, याचा हा आढावा.

फुफ्फुस प्रत्यारोपण कधी करावे लागते?

फुफ्फुसाचे काम औषधांनी सुधारण्याची शक्यता संपते आणि रुग्ण प्राणवायूवर अवलंबून राहू लागतो, तेव्हा हा पर्याय समोर येतो. फुफ्फुसाच्या ऊती कडक होण्याचा आजार म्हणजे फायब्रोसिस, दीर्घकालीन श्वसनमार्ग अवरोध म्हणजे सीओपीडी, श्वासनलिका रुंदावण्याचा ब्राँकिएक्टेसिस आणि फुफ्फुसातील रक्तदाब वाढणे ही त्यामागची प्रमुख कारणे. विडी-सिगारेट, चुलीचा धूर, खाणी आणि कारखान्यांतील धूळ यांचाही यात वाटा असतो. करोनानंतर फुफ्फुसे कायमची निकामी झालेल्या काही रुग्णांवरही प्रत्यारोपण करावे लागले.

जगातील पहिले मानवी फुफ्फुस प्रत्यारोपण १९६३ मध्ये अमेरिकेत झाले. तो रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकलेले पहिले यश १९८३ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे मिळाले. आजही ही शस्त्रक्रिया मूत्रपिंड प्रत्यारोपणापेक्षा अवघड मानली जाते. फुफ्फुसाचा प्रत्येक श्वासागणिक बाहेरच्या हवेशी संबंध येतो, त्यामुळे संसर्गाचा धोका कायम असतो. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांपेक्षा जास्त जगतात.

खर्च नेमका कशाकशाचा?

खासगी रुग्णालयात साधारण २५ ते ४० लाख रुपयांच्या घरात खर्च सांगितला जातो. गुंतागुंत झाली आणि अतिदक्षता विभागातील मुक्काम लांबला, तर आकडा वाढतो. पण हा खर्चाचा मधला टप्पा झाला. त्याच्या आधी तपासण्या असतात : सीटी स्कॅन, हृदयाची तपासणी, रक्ताच्या चाचण्या, लसीकरण. शिवाय घरी प्राणवायूची सोय लागते. हवेतून प्राणवायू वेगळा करणारे यंत्र विजेवर चालते. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या शेगावात वीज गेली, तर हाताशी भरलेले सिलिंडर हवेच.

शस्त्रक्रियेनंतर शरीराने नवे फुफ्फुस नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यासोबत संसर्ग रोखणारी औषधे, रक्तातील औषधाचे प्रमाण मोजण्याच्या चाचण्या आणि ठरावीक काळाने दुर्बिणीने फुफ्फुसाची तपासणी. हा दरमहा हजारो रुपयांचा खर्च आहे आणि तो थांबत नाही.

रुग्णालयाजवळ राहण्याची गरज का?

दात्याच्या शरीरातून काढलेले फुफ्फुस साधारण चार ते सहा तासांत रुग्णाच्या शरीरात बसवावे लागते. त्यामुळे फोन आला की रुग्णाला काही तासांत रुग्णालयात पोहोचावे लागते. शेगाव, खामगाव किंवा अकोल्यात फुफ्फुस प्रत्यारोपणाची सोय नाही. रुग्णाला मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा चेन्नई गाठावे लागते. शेगाव ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. फोन आल्यावर गाडी पकडून वेळेत पोहोचणे शक्य नसते.

म्हणून प्रतीक्षा यादीत नाव लागल्यावर रुग्ण आणि किमान एक नातेवाईक रुग्णालयाच्या परिसरात खोली घेऊन राहतात. ही प्रतीक्षा काही आठवड्यांची असू शकते, काही महिन्यांचीही. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिनेही तिथेच काढावे लागतात. घरभाडे, जेवण, बुडालेली मजुरी, गावाकडे दुसऱ्याच्या हवाली केलेली शेती, हे कोणत्याही रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात नसते.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून मदत कशी मिळते?

राज्याच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून ज्या गंभीर आजारांसाठी अर्थसाहाय्य दिले जाते, त्या यादीत फुफ्फुस प्रत्यारोपणाचा समावेश आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांपेक्षा जास्त नसावे, अशी अट आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. विहित नमुन्यातील अर्ज, आधार कार्ड, शिधापत्रिका, आजाराचे अहवाल आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे लागते. खासगी रुग्णालयाचे अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला अवयवासाठी नोंदणी केल्याची पावतीही द्यावी लागते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मंजूर रक्कम रुग्णाच्या हाती येत नाही, ती थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. आणि आधीच भरलेल्या बिलाची भरपाई या निधीतून मिळत नाही. म्हणजे उसनवारी करून बिल भागवायचे आणि नंतर अर्ज करायचा, हा मार्ग बंद आहे. २०२५ पासून जिल्हा पातळीवरही या निधीचे कक्ष सुरू झाले आहेत, त्यामुळे प्रत्येक कामासाठी मंत्रालयात जाण्याची गरज उरलेली नाही.

धर्मादाय रुग्णालयांत सवलत कुणाला?

अनेक मोठी खासगी रुग्णालये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. एकूण बिलांच्या रकमेतील २ टक्के वाटा निर्धन रुग्ण निधीत जमा करावा लागतो.

निर्धन गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, तर दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. इथे एक बारकावा आहे. वर्षाला दोन-अडीच लाख रुपये मिळवणारे शेतकरी कुटुंब मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या अटीत बसत नाही, पण धर्मादाय रुग्णालयात दुर्बल घटक म्हणून सवलत मागू शकते. एका ठिकाणी नकार मिळाला म्हणून दुसरीकडचा अर्ज सोडून देऊ नये. मात्र रुग्णालय धर्मादाय आहे का आणि तिथे फुफ्फुस प्रत्यारोपणाची परवानगी आहे का, हे दोन्ही आधी विचारून घ्यावे. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे ही माहिती मिळते.

सरकारी विमा योजनेचा उपयोग होतो का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून प्रति कुटुंब, प्रति वर्ष ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. प्रत्यारोपणाचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. ५ लाखांपेक्षा महाग उपचारांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा निर्णय राज्याने २०२५ मध्ये घेतला आणि त्यात अवयव प्रत्यारोपणाचा विचार केला आहे. निवडलेले रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे का, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते.

केंद्राकडे दोन मार्ग आहेत. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून मोठ्या शस्त्रक्रियांसाठी अंशतः साहाय्य मिळते. राष्ट्रीय आरोग्य निधी दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी आहे, पण तो सरकारी रुग्णालयांतील उपचारांपुरता आहे. फुफ्फुस प्रत्यारोपणे बहुतांशी खासगी रुग्णालयांत होत असल्याने त्याचा उपयोग मर्यादित राहतो.

देवस्थाने आणि सेवाभावी संस्थांची भूमिका काय?

शेगावकरांना संस्थात्मक सेवाकार्य नवे नाही. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या श्री गजानन महाराज संस्थानाचे दवाखाने आणि फिरते रुग्णालय या भागातील गरीब आणि आदिवासी रुग्णांना परिचित आहेत. पण प्रत्यारोपण हे गावातल्या दवाखान्याच्या आवाक्यातले काम नाही. त्यासाठी रुग्णाला शहरातील संस्थांकडे वळावे लागते. मुंबईतील सिद्धिविनायक मंदिर न्यास आणि टाटा ट्रस्ट्स यांच्याकडे गरजू रुग्णांना वैद्यकीय मदत देण्याची परंपरा आहे. अशा संस्थांची मदत एकट्याने बिल भागवण्याइतकी नसते. चार-पाच ठिकाणची मदत एकत्र केली, तरच अंदाजपत्रकाला आकार येतो.

निवासाची मदत पैशांच्या मदतीइतकीच मोलाची ठरते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी तीर्थाच्या ठिकाणी आणि शहरांत धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत बाहेरगावचे रुग्ण आणि नातेवाईक अल्प दरात राहतात. परळची नाना पालकर स्मृती समितीही हेच काम करते. या ठिकाणी कर्करुग्णांची संख्या मोठी असते. प्रत्यारोपणाच्या रुग्णाची गरज थोडी वेगळी आहे : गर्दी नसलेली, धूळ आणि ओल नसलेली स्वच्छ खोली. फुफ्फुस बदललेल्या रुग्णाला सामायिक दालनात ठेवणे धोक्याचे ठरू शकते.

ऑनलाइन वर्गणी गोळा करावी का?

केटो, मिलाप यांसारख्या मंचांवरून अनेक कुटुंबे मदत मागतात. तिथे मंच किती शुल्क घेतो, जमलेली रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते की कुटुंबाच्या आणि रुग्णाचे फोटो किती काळ समाजमाध्यमांवर राहतील, हे आधी लेखी विचारावे. देणाऱ्यानेही रुग्णालयाचे पत्र पाहून, शक्य तर थेट रुग्णालयाच्या खात्यात पैसे भरावेत. ‘फुफ्फुस मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये.

पैसे असतील तर फुफ्फुस लवकर मिळते का?

नाही. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ नुसार अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. त्यासाठी पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि २० लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंतचा दंड होऊ शकतो. फुफ्फुसे प्रामुख्याने मेंदूमृत दात्यांकडून मिळतात. नातेवाईकांच्या संमतीनंतर त्यांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत होते. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ही केंद्रे आहेत. रुग्णाची नोंदणी रुग्णालयामार्फत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने अधिवासाची अट आणि ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकण्याचा, तसेच नोंदणीसाठी शुल्क न घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील रुग्ण परराज्यातही नाव नोंदवू शकतो.

म्हणजे दानाचे दोन प्रकार इथे एकत्र यावे लागतात. पैशांचे दान नसेल तर शस्त्रक्रिया अडते. अवयवाचे दान नसेल, तर कितीही पैसे जमले तरी उपयोग नाही.

मदत नेमकी कुठे कमी पडते?

जवळपास प्रत्येक निधीच्या अर्जात एकच प्रश्न असतो : शस्त्रक्रियेचा खर्च किती? ‘दरमहा औषधांना किती लागतील आणि ते कोण देणार?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पैशांअभावी औषधाचा डोस कमी केला किंवा काही दिवस बंद ठेवला, तर शरीर नवे फुफ्फुस नाकारू शकते. तसे झाले, तर लाखो रुपये, दात्याच्या कुटुंबाने दुःखाच्या क्षणी घेतलेला निर्णय आणि रुग्णाचे महिनोन्महिन्यांचे कष्ट, सारेच वाया जाते. म्हणून मोठी रक्कम एकदाच देण्याऐवजी एखाद्या रुग्णाच्या औषधांची वर्षभराची जबाबदारी घेणे, ही गावातल्या मंडळाला, व्यापारी संघटनेला किंवा माजी विद्यार्थ्यांच्या गटाला झेपणारी आणि अधिक उपयोगी मदत आहे. औषधाची कंपनी मात्र स्वस्त मिळते म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

सुरुवात कुठून करावी?

पहिले काम शेगाव तहसील कार्यालयातील : उत्पन्नाचा दाखला काढणे आणि शिधापत्रिका, आधार यांवरील नावे जुळतात का, ते पाहणे. नावातील एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडकतात. दुसरे, प्रत्यारोपण केंद्रात लवकर तपासणी. रुग्ण फार अशक्त झाल्यावर तो शस्त्रक्रियेसाठी अपात्र ठरू शकतो. तिसरे, रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक आणि नोंदणीची पावती घेऊन सर्व निधींकडे एकाच वेळी अर्ज करणे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा टोल फ्री क्रमांक १८०० १२३ २२११ आहे. चौथे, रुग्णालयाच्या अंदाजपत्रकाखाली घरच्यांनी स्वतःच्या हाताने तीन ओळी वाढवणे : भाडे, प्राणवायू आणि पहिल्या वर्षाची औषधे. मदत मागताना याच तीन ओळी सगळ्यांत आधी दाखवाव्यात, कारण त्यांच्यासाठी बहुतेक योजनांत रकाना नाही.