ओसरीत टांगा टमाटर! पण मोबाईलवर दाखवतात तसे नाही : झाडीपट्टीच्या हिवाळ्यात काय जमते, काय फसते

चंद्रपूर/गडचिरोली : छताला टांगलेली कुंडी आणि तिच्यातून खाली लोंबणारे लालबुंद टमाटरचे घोस. असे व्हिडीओ सध्या गावागावांतल्या मोबाईलवर फिरत आहेत. पाहून अनेकांनी उन्हाळ्यात किंवा भर पावसाळ्यात रोपे टांगली. झाड वाढले, फुले आली आणि गळून गेली. चूक झाडाची नाही, बियाण्याचीही बहुतेक वेळा नाही. चुकतो तो हंगाम.

यातले बरेच व्हिडीओ थंड देशांतले असतात. इंग्लंडसारख्या देशात टमाटर टांगतात ते तिथल्या उन्हाळ्यात, कारण तिथला उन्हाळाच आपल्या हिवाळ्यासारखा असतो. म्हणून त्यांचे जून-जुलैचे वेळापत्रक चंद्रपूर-गडचिरोलीत चालत नाही. आपल्याकडे टांगत्या टमाटरचा काळ एकच : दिवाळी ते होळी.

फुले का गळतात?

टमाटरला दिवसा २० ते २८ अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान मानवते. दिवसाचा पारा ३५ च्या पुढे गेला किंवा रात्रही गरमच राहिली, की फुलातला पराग निकामी होतो आणि फूल गळते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या चंद्रपुरात उन्हाळी कुंडीला फळ धरणे म्हणूनच अवघड.

हिवाळ्यात अडचण उलटी असते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कधी १० अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा वाढ थांबते, पाने जांभळट दिसतात, फळ धरत नाही. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना मातीची ऊब असते. टांगलेल्या कुंडीला चारही बाजूंनी गार हवा लागते, त्यामुळे तिची माती लवकर थंड होते. उपाय साधा आहे. थंडीची लाट असेल तेव्हा रात्री कुंडी उतरवून भिंतीजवळ ठेवा, वरून पोते टाका. सकाळी ऊन आल्यावर पुन्हा टांगा.

बी कधी, कोणते?

घटस्थापनेच्या सुमारास बी टाकले तर दिवाळीपर्यंत चार आठवड्यांचे रोप तयार होते. दिवाळीत कुंडीत लावले, की संक्रांतीच्या आसपास तोडणी सुरू होते आणि होळीपर्यंत चालते.

वाण बुटका घ्या. उंच वाढणारा वेल टांगत्या कुंडीत झेपत नाही. ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ हा जुना बुटका वाण आहे. लहान फळांचा चेरी टमाटरही चांगला, कारण हलकी फळे फांदी मोडत नाहीत. फक्त त्यातलाही बुटका प्रकार मागा. संकरित वाणाचे बी घरी धरून पुढच्या वर्षी लावू नका, झाड तसेच निघेल याची खात्री नसते. साध्या सुधारित वाणाचे बी धरता येते.

बाटली उलटी टांगून बुडातून रोप काढायचा प्रकार पाहायला छान, पण फायद्याचा नाही. झाडाचा शेंडा वर उजेडाकडेच वळतो, खोड वाकते, पाणी खोडावरून गळत राहते. रोप सरळच लावा. फांद्या आपोआप काठावरून खाली येतील.

कुंडी कशाची, वजन किती?

एका झाडाला किमान १० लिटरचे भांडे हवे. तेलाचा रिकामा पिपा, रंगाची धुतलेली बादली किंवा बांबूची मजबूत टोपली चालते. टोपलीला आतून खताची किंवा सिमेंटची नाही, तर धान्याची जुनी गोणी लावा. बुडाला बोटाएवढी पाच-सहा छिद्रे पाडा. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा कितीही धुतला तरी वापरू नका. त्यातले टमाटर लेकरे खाणार आहेत.

धानाच्या बांधीतली नुसती चिकट माती भरली, तर कुंडी जड होते आणि मुळे कुजतात. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग राईस मिलमधला धानाचा भुसा असे मिश्रण घ्या. ज्या बांधीत किंवा सांदवाडीत आधी टमाटर, वांगे, मिरची मर लागून वाळली, तिथली माती घेऊ नका. मर रोगाचे जंतू मातीत राहतात. कुंडीचा मोठा फायदाच हा, की माती आपल्या निवडीची असते.

ओली झाल्यावर अशी कुंडी १० किलोच्या आसपास भरते. ती कवेलूखालच्या कामटीला किंवा टिनाच्या पत्र्याला बांधू नका. जाड वाशाला, चांगल्या तारेने किंवा नायलॉनच्या दोरीने टांगा. खाली लेकरांची झोपायची जागा नको.

ऊन कुठले?

दिवसाला सहा तास ऊन हवे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दक्षिणेकडच्या किंवा पूर्वेकडच्या वळचणीला टांगा. उत्तरेच्या ओसरीत झाड हिरवे राहील, पण फळ देणार नाही. वळचणीखाली दव कमी पडते, पाने कोरडी राहतात आणि करपा कमी येतो, हा आणखी एक फायदा.

पाणी आणि खत

टांगती कुंडी लवकर सुकते. बोट मातीत दोन पेरे घाला. कोरडे लागले तर पाणी द्या, ओले लागले तर थांबा. थंडीत साधारण दिवसाला एकदा, फेब्रुवारीच्या शेवटी सकाळ-संध्याकाळ लागू शकते. थंडीत पाणी सकाळीच द्या. विहिरीचे ताजे पाणी तेव्हा कोमट असते, तेच उत्तम.

आज कोरडे, उद्या तुडुंब असे झाले तर फळाचे बूड काळे पडते किंवा फळ तडकते. बूड काळे पडणे हा रोग नाही. पाणी अनियमित झाले, की फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. तिथे औषध फवारून पैसे घालवू नका, पाणी नियमित करा.

पाण्याबरोबर कुंडीतले खतही वाहून जाते. दर १५ दिवसांनी मूठभर गांडूळ खत किंवा पातळ केलेली शेणाची स्लरी द्या. युरियाचा मारा केला तर नुसता पाला वाढतो.

ओसरीत वारा कमी लागतो. फुले आल्यावर सकाळी १० ते १२ च्या दरम्यान फुलांचा देठ बोटाने हलकेच हलवा. टमाटरचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्याला फक्त हलणे लागते.

कोंबड्या, शेळ्या आणि वानरं

कुंडी वर असल्याने कोंबड्या, शेळ्या, रानडुकरे यांचा त्रास नाही. वानरांचा मात्र आहेच. फळे रंग धरू लागली, की जुनी साडी किंवा जाळी गुंडाळा, किंवा थोडा पिवळसर लाल रंग येताच तोडून घरात पिकवा. पाने मिरचीच्या चुरडा-मुरड्यासारखी आकसली, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. ते झाड बरे होत नाही. उपटून पुरून टाका, म्हणजे बाकीची वाचतील.

मग परवडते का?

जुलै २०२३ मध्ये देशातल्या अनेक शहरांत टमाटर किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला होता. केंद्र सरकारला काही शहरांत सवलतीच्या दरात विक्री करावी लागली. पण ओसरीतली कुंडी पावसाळ्यात फळ देणार नाही, हे आधीच समजून घ्या. ती देते तेव्हा बाजारातही भाव बहुधा कमीच असतो. एका कुंडीतून हंगामात दीड-दोन किलो निघाले तरी चांगले समजा. विकायला हा माल नाही.

फायदा दुसरा आहे. भामरागड, एटापल्लीकडच्या अनेक गावांत भाजी आठवडी बाजारातूनच येते. तिथे चार-पाच कुंड्या असल्या, की मधल्या दिवसांत भाजीला, चटणीला घरचे ताजे भेदरे मिळतात. जागा नसलेल्या, शेत नसलेल्या घरालाही हे जमते.

आणि पावसाळ्याची सोय आपले ऊनच करते. मार्चमध्ये जास्तीच्या फळांचे पातळ काप करा, थोडे मीठ लावा, पातळ कापडाखाली तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा. काप कडकडीत मोडू लागले, की कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवा. जुलैमध्ये बाजारात भाव चढला, की वरणात, भाजीत तेच टाका.

रोपे, वाण आणि रोगाबद्दल अडचण असल्यास सिंदेवाही आणि गडचिरोलीतील सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारता येते. जाताना रोगट पान पिशवीत घालून न्या, किंवा पानाचा वरचा आणि खालचा असे दोन स्पष्ट फोटो मोबाईलमध्ये ठेवा.