घर सोडलं म्हणजे संसार सोडला, असं कायदा मानत नाही

नवरा-बायकोचं बिनसलं की वकिलाच्या नोटिशीतून एक इंग्रजी शब्द घरात येतो: 'डिझर्शन'. कायद्याच्या मराठीत त्याला परित्याग म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र 'ती सोडून गेली', 'त्यानं तिला टाकली' असंच असतं, आणि या बोलण्यावरून लोक कायद्याचाही निवाडा करून मोकळे होतात. त्याची किंमत बहुतेक वेळा माहेरी राहणारी बाई मोजते, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

जो उंबरठा ओलांडतो तोच सोडणारा, हा सगळ्यांत पक्का गैरसमज. हिंदू विवाह कायद्याखाली परित्याग सिद्ध करायचा तर नुसतं वेगळं राहणं पुरत नाही. सहजीवन कायमचं संपवण्याचा हेतू दाखवावा लागतो. शिवाय तक्रार करणाऱ्याची त्या जाण्याला संमती नव्हती आणि जायला सबळ कारण मिळेल असं तो वागलेला नव्हता, हेही दाखवावं लागतं.

मुंबईतल्या एका दाम्पत्याच्या खटल्यात हे स्पष्ट झालं. मे १९४७ मध्ये पत्नी माहेरी जळगावला गेली. जुलैत पतीची नोटीस पोचली. पुढे तिला परत आणण्याचं ठरत होतं, तेव्हा तिला पाठवू नका, अशी तार पतीनेच तिच्या वडिलांना केली. १९५१ मध्ये त्याने तिच्यावर परित्यागाचा दावा लावला. मुंबई राज्याच्या १९४७ च्या घटस्फोट कायद्यात त्यासाठी चार वर्षांची अट होती. पहिल्या न्यायाधीशांनी घटस्फोट मंजूर केला, पण उच्च न्यायालयाच्या अपील खंडपीठाने तो निकाल फिरवला. ऑक्टोबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या निकालपत्रातून, खंडपीठाचाच निर्णय कायम केला. ती घरातून गेली हे खरं होतं, पण कायमचं तोडायचा तिचा हेतू सिद्ध झाला नाही. तिला परत यायचं होतं आणि वाट पतीने अडवली होती. आजही परित्यागाच्या दाव्यांत या निकालाचा आधार घेतला जातो.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. मारहाण करून, उपाशी ठेवून किंवा जगणं नकोसं करून जोडीदाराला बाहेर पडायला भाग पाडणारा माणूस स्वतः घरातच असतो, तरी कायद्याच्या नजरेत परित्याग करणारा तो ठरू शकतो. एका छपराखाली राहूनही परित्याग होऊ शकतो.

दोन वर्षं वेगळं राहिलं की लग्न आपोआप मोडतं, असं कित्येक जण खात्रीने सांगतात. ते साफ चूक आहे. परित्याग हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण झालं ते १९७६ च्या दुरुस्तीने. त्यातली दोन वर्षं ही अर्ज करण्याची पात्रता आहे. ती सलग आणि अर्ज दाखल होण्याच्या लगेच आधीची असावी लागतात. न्यायालयाचा हुकूम होईपर्यंत लग्न कायम असतं. मध्येच दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जोडीदार सात वर्षं जिवंत असल्याचं कानावरच आलं नाही, हे घटस्फोटाचं वेगळं कारण आहे. तिथेही न्यायालयात जावंच लागतं. गोव्यात हिंदू विवाह कायदा लागू नाही, तिथली व्यवस्था निराळी आहे.

स्टँप पेपरवर लिहिलेल्या सोडचिठ्ठीने लग्न सुटत नाही. समाजात तशी रूढी असल्याचं सिद्ध झालं तरच हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ तिला मान देतं. उलट, 'आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत' या एका वाक्याने संमती दिसते आणि उद्याचा परित्यागाचा दावा लंगडा पडतो. दोघांचीही तयारी असेल तर परस्परसंमतीचा सरळ मार्ग आहे: वर्षभर वेगळं राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा.

'स्वतःहून गेली, आता पोटगी कसली?' हे वाक्य ऐकून किती बायका हक्क सोडून देतात! सबळ कारणाशिवाय पतीबरोबर राहायला नकार दिला, तर कायदा पत्नीची पोटगी नाकारतो; नुसतं घर सोडल्यावरून नव्हे. पतीने दुसरं लग्न केलं असेल किंवा दुसरी बाई ठेवली असेल, तर ते सबळ कारण आहे, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. परित्यागाच्या कारणावरून पत्नीविरुद्ध घटस्फोट झाला, तरी स्वतःचा निर्वाह करू न शकणारी आणि पुनर्विवाह न केलेली स्त्री पोटगी मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं. नांदायला जाण्याचा हुकूम तिने पाळला नाही, एवढ्यावरून पोटगी आपोआप बुडत नाही, हेही त्याच न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. स्त्रीधन तर तिचंच असतं, ती कुठेही राहो.

म्हणून घर सोडावं लागलं तर का सोडलं याचा माग ठेवावा: पोलिसांतली तक्रार, दवाखान्याचे कागद, परत येण्याबद्दल केलेले निरोप आणि त्यांना आलेली उत्तरं. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, आणि तिचं उत्पन्न किती हे त्यासाठी पाहिलं जात नाही.