संघ आणि मंडळ



भाताची कापणी झाली, खाचरे मोकळी झाली, की आपल्या भागात कबड्डीच्या सामन्यांचे फलक दिसू लागतात. म्हसाच्या जत्रेपर्यंत तर दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे सामने असतातच. एखाद्या गावाचा संघ दोन-तीन वर्षे असा गाजतो, की नुसते नाव ऐकून समोरचे गडी निम्मे हरतात. मग चढाईचा गडी भिवंडीला कामाला लागतो, दुसरा कल्याणला बिऱ्हाड करतो, तिसऱ्याचे लग्न होते, आणि संघ मोडतो. संघ मोडला की मंडळही मोडते. फलक तेवढा समाजमंदिराच्या मागे गंजत राहतो.

आता हे जगाच्या पाठीवर सगळीकडे असेच चालते का? तसे नाही. संघ येतात, जातात. पण मंडळ शंभर वर्षे चालते, अशी उदाहरणे आहेत. त्यांतली दोन तुमच्यापुढे ठेवतो. एक आपल्याच अमरावतीचे, हुतुतू-मल्लखांबाचे. दुसरे दूर जर्मनीतले, बास्केटबॉलचे.

बास्केटबॉल पुष्कळांनी पाहिला नसेल, म्हणून आधी थोडे त्याविषयी. हा खेळ एका शिक्षकाने शोधून काढला, हे शाळेतल्या मंडळींनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाचे व्यायामशिक्षक होते. बाहेर थंडी, विद्यार्थी आत कोंडलेले, तीच ती कवायत करून कंटाळलेले. नेस्मिथ यांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, शिपायाने पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंच होता, म्हणून आजही त्या खेळातले कडे जमिनीपासून दहा फुटांवरच असते. टोपलीला बूड होते, त्यामुळे चेंडू आत पडला की शिडी लावून वर चढायचे आणि तो काढायचा!

पुढे पंचेचाळीस वर्षांनी, १९३६ साली, बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा पदकांसाठी खेळला गेला. टेनिसची मातीची मैदानेच त्यासाठी घेतली होती. अंतिम सामन्याच्या दिवशी धो धो पाऊस. चिखलात चेंडू उसळेना, पुढे नेता येईना. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. आजच्या मानाने ही गुणसंख्या पहिल्या दहा मिनिटांचीसुद्धा नव्हे. चौऱ्याहत्तर वर्षांचे नेस्मिथ आपला खेळ जगाच्या मेळ्यात आलेला पाहण्यास बर्लिनला गेले होते.

आणि त्याच वर्षी, त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने, बर्लिनमध्ये आपली मराठी मुलेही उतरली होती. ध्यानचंद यांच्या हॉकीची गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यात आपला हुतुतू होता. आपल्या खाचरात जो खेळ चालतो, तोच. तेव्हा देश पारतंत्र्यात होता, आणि बर्लिनमध्ये हिटलरची राजवट होती. तिथल्या क्रीडामंडळांनी १९३३ पासून आपल्या ज्यू सभासदांना बाहेर काढण्यास आरंभ केला होता. मंडळ चांगले चालते म्हणजे ते नेहमी चांगल्याच वाटेने चालते, असे नव्हे, हेही येथे सांगून ठेवलेले बरे.

अमरावतीचे हे मंडळ बर्लिनपर्यंत पोचले कसे? १९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंत वैद्य यांनी ते काढले. आरंभ एका साध्या आखाड्याचा. असे आखाडे त्या काळी गावोगाव होते, आणि उस्ताद थकला की आखाडाही थकत असे. वैद्य बंधूंनी निराळी वाट धरली, आणि माझ्या मते सारे मर्म तेथेच आहे. त्यांनी नुसते मल्ल घडविले नाहीत. व्यायाम शिकविणारे शिक्षक घडविले. उन्हाळी वर्ग भरविले. तेथे शिकून गेलेला माणूस आपल्या गावी जाऊन दहा जणांना शिकवी. हुतात्मा राजगुरू यांनीही या मंडळात व्यायामाचे शिक्षण घेतले होते. पुढे तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. मंडळाला शंभर वर्षे उलटून गेली. १९३६ च्या पथकातला एकही गडी आज मैदानावर नाही, मंडळ आहे.

जर्मनीकडे वळू. तेथे फ्रीडरिख यान नावाच्या शिक्षकाने १८११ साली बर्लिनजवळ माळावर उघडी व्यायामशाळा सुरू केली. तरुण एकत्र जमतात, म्हणजे राज्याविरुद्ध काही शिजत असणार, असा संशय घेऊन सरकारने १८१९ साली यान यांना अटक केली, आणि १८२० पासून १८४२ पर्यंत प्रशियात त्या व्यायामावरच बंदी घातली. आपल्या आखाड्यांवरची इंग्रजांची नजर आठवा! बंदी उठल्यावर गावोगाव मंडळे निघाली. जर्मन भाषेत मंडळाला ‘फेराइन’ म्हणतात. आज त्या देशात ऐंशी हजारांहून अधिक क्रीडामंडळे आहेत.

त्यांतले एक लेव्हरकुझेनचे. ऱ्हाईन नदीकाठी कोलोनजवळचे हे गाव, बायर कंपनीच्या कारखान्यामुळे वाढलेले. ॲस्पिरिनची गोळी ज्या कंपनीची, तीच ही. १९०३ साली व्हिल्हेल्म हाउशिल्ड नावाच्या एका कामगाराने कंपनीला पत्र लिहिले, की आम्हांला व्यायाम व खेळांचे मंडळ काढायचे आहे, त्यास साहाय्य करावे. खाली १७० सहकाऱ्यांच्या सह्या होत्या. पाहा, संघ अजून कुठेच नव्हता, कुठला खेळ जिंकायचा हेही ठरले नव्हते. आधी १७० सह्या झाल्या. १९०४ साली मंडळ स्थापन झाले. भांडणेही झाली, ती कुठे होत नाहीत? १९२८ साली फुटबॉलवाले आणि व्यायामवाले वेगळे झाले, ते थेट १९८४ साली पुन्हा एका छपराखाली आले.

या मंडळात बास्केटबॉलचा विभाग निघाला तो १९६१ साली, म्हणजे मंडळ सत्तावन्न वर्षांचे झाल्यावर. नऊ वर्षांनी, १९७० साली, त्यांचा संघ पश्चिम जर्मनीचा विजेता झाला. एकूण चौदा वेळा त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद घेतले. त्यांतली सात तर १९९० ते १९९६ अशी लागोपाठ. जर्मनीत इतकी विजेतेपदे दुसऱ्या कुठल्याच बास्केटबॉल संघाला मिळालेली नाहीत.

पण मला सांगायचे आहे ते त्यापुढचे. कंपनीने बास्केटबॉलमागचा पैसा काढून घेतला, आणि २००८ साली पहिल्या श्रेणीत खेळण्याचा त्या संघाचा हक्क शेजारच्या ड्युसेलडॉर्फ शहरात गेला. एवढा नामांकित संघ गावातून उठला! आपल्याकडे असते, तर फलक समाजमंदिराच्या मागे गेला असता. तिथे मात्र मंडळ जागेवर होते. सभासद होते, लहान मुलांचे वर्ग होते, व्यायामशाळा होती. त्यांनी खालच्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात केली, आणि पुढे दुसऱ्या श्रेणीपर्यंत चढून आले. ड्युसेलडॉर्फला गेलेला संघ मात्र थोड्याच वर्षांत बंद पडला.

तुम्ही म्हणाल, मास्तर, त्यांच्यामागे कारखाना होता; आमच्यामागे काय आहे? प्रश्न रास्त आहे. पण कारखान्याचा पैसा गेल्यावर काय उरले, तेही आपण आत्ताच पाहिले. वर्गणी देणारे सभासद, मुलांचे वर्ग आणि जागा. जागा आपल्याकडे पुष्कळ शाळांपाशी आहे. कबड्डीला १३ मीटर लांब व १० मीटर रुंद मैदान पुरते. बास्केटबॉलचे पुरे मैदान २८ बाय १५ मीटरचे, ते परवडणे कठीण खरे. पण तीन-तीन गड्यांचा, एकाच खांबावर खेळायचा प्रकार आता मान्य झाला आहे. त्याला १५ बाय ११ मीटर जागा लागते. टोकियोच्या ऑलिंपिकपासून त्यालाही पदके आहेत, आणि २०२४ साली पॅरिसला त्यातले महिलांचे सुवर्णपदक जर्मनीच्या मुलींनी मिळविले. आपल्या आश्रमशाळांतल्या काटक मुलींना हा खेळ सहज साधेल, असे मला वाटते.

राहता राहिली सभासदांची गोष्ट. जर्मन कायद्याप्रमाणे मंडळाच्या नोंदणीस किमान सात सभासद लागतात. आणि गंमत अशी, की आपल्याकडील १८६० चा संस्था नोंदणी कायदाही सातच माणसे मागतो. सात जणांनी एकत्र बसून मंडळाचे उद्देश आणि नियमावली लिहावी. सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती, कार्यकारिणी किती वर्षांनी निवडायची, हे त्यात स्पष्ट असावे. मग ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करावा. सातांत निदान दोघे तरी न खेळणारे घ्यावेत. खेळणारा नोकरीला गेला तरी दप्तर गावात राहते. दप्तर म्हणजे सभासदांचे नोंदपुस्तक, सभांचे इतिवृत्त आणि जमाखर्चाची वही. हिशेब दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. कार्यकारिणी बदलली, तर नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा असतो. आपल्याकडील पुष्कळ मंडळे कागदावर अडतात ती इथेच, कारण अध्यक्ष पुण्याला गेलेला असतो आणि कार्यालयाच्या वहीत अजून त्याचेच नाव असते.