खांद्याला खांदा

बंगळुरूत बोम्मसंद्रा ते आर. व्ही. रोड ही पिवळी मेट्रो ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झाली आणि मला रोज नवा शेजारी मिळू लागला. बाकं भिंतीला लागून, त्यामुळे खांद्याला खांदा, पण नजर समोर. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमनच्या भाषेत हे ‘सभ्य दुर्लक्ष’. शिकागोत मात्र एप्ली आणि श्रोडर या संशोधकांनी प्रवाशांना अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला लावलं (निष्कर्ष २०१४चे). प्रवास नकोसा होईल असा लोकांचा अंदाज होता. झाला उलट सुखाचा. मला पटतं. परवा शेजारच्या आजींनी हेब्बगोडी यायच्या आत ‘ऊटा आय्ता?’ (जेवण झालं का?) विचारलं. माझं सोलापुरी कन्नड तेवढ्याला पुरतं. इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत त्यांच्या सुनेची बदली आणि माझा पगार, दोन्ही विषय झाले. पगार मी थोडा वाढवून सांगितला.