देहातील घड्याळ

अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या अरण्यात, सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव वसले आहे. उजाडू लागले की तेथे कोंबडा आरवतो, रानातील पाखरे जागी होतात आणि माणसेही कामाला लागतात. अंधार दाटला की सारे विसावतात. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो, की त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. तो मोडला म्हणजेच त्याचे महत्त्व कळते.

समजा, या गावातील एखादा तरुण शिक्षणासाठी मुंबईहून विमानाने न्यूयॉर्कला निघाला. सुमारे सोळा तासांत तो तेथे पोचेल. परंतु भारतातील घड्याळ न्यूयॉर्कच्या घड्याळापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. त्यामुळे हिवाळ्यात न्यूयॉर्कला दुपारचे बारा वाजतात, तेव्हा सेमाडोहला रात्रीचे साडेदहा झालेले असतात. साहजिकच भर दुपारी या तरुणाचे डोळे मिटू लागतात आणि मध्यरात्री तो टक्क जागा राहतो. अवेळी भूक लागते, मन एकाग्र होत नाही. विमानात अवघडून बसल्याने आलेला शीण एका गाढ झोपेने जातो. हा शीण मात्र कित्येक दिवस टिकतो. यालाच 'जेट लॅग' म्हणतात.

असे का व्हावे? 1729 साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिवसा पाने उघडणारे व रात्री मिटणारे एक झाड अंधारात ठेवले. सूर्यप्रकाश नसतानाही पानांची उघडमीट वेळेवर चालूच राहिली! सजीवांच्या अंगी स्वतःचे घड्याळ असते, याची ती पहिली खूण होती. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, हे फळमाशीच्या अभ्यासातून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या मेंदूत सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. झोप, भूक, शरीराची उष्णता यांच्या वेळा तोच सांभाळतो. डोळ्यांवाटे येणारा प्रकाश त्याला दिवस-रात्रीची वर्दी देतो. तथापि, हे घड्याळ दिवसाकाठी साधारण एक तासच सरकते.

डॉ. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. आगबोटीच्या प्रवाशांना अनेक हाल सोसावे लागत. परंतु त्यांची वेळ रोज थोडीथोडीच बदलत असल्यामुळे देहास जुळवून घेण्यास अवधी मिळे. विमान तो अवधी देत नाही.

म्हणून दूरदेशी उतरलेल्या प्रवाशाने दिवसा मोकळ्या उजेडात वावरावे, तेथील वेळेप्रमाणे जेवावे व रात्रीच झोपावे. पहिल्या एक-दोन दिवसांत वाहन चालविणे किंवा महत्त्वाची परीक्षा देणे शक्यतो टाळावे. कारण अशा वेळी चूक होण्याचा संभव अधिक असतो. नव्या गावी पोचूनही ज्याचे चित्त थाऱ्यावर येत नाही, तो आळशी नसतो किंवा दुबळाही नसतो. त्याचा देह अद्याप वाटेतच असतो. त्याला पोचण्यास थोडा वेळ द्यावा, हेच शहाणपणाचे होय.