वंशावळ लिहिताना जुना इतिहास कसा वाचावा?



मयत सभासदाचा शेअर वारसांच्या नावे करायचा म्हटला की वंशावळ लागते. आजोबापर्यंत ती सुरळीत जाते. पणजोबापाशी गाडी अडते. मग कोणी भाटाच्या वहीचा दाखला देतो, कोणी गावच्या इतिहासाचा, कोणी गॅझेटियरचा. या लिखाणाचा उपयोग जरूर आहे. पण बेणं घेताना आपण प्लॉट कोणाचा, जात कोणती हे विचारतोच ना? तसंच इथेही विचारावं. नाहीतर दुसऱ्याचा पूर्वज आपल्या वंशावळीत येऊन बसतो.

लिहिणारा कोण आणि त्याने कशासाठी लिहिलं, हे आधी बघा. १८८० सालचं खानदेशाचं गॅझेटियर इंग्रज सरकारने कारभारासाठी तयार केलं. १८५२ साली सावदा, यावल, एरंडोल भागात शेतकरी जमीन मोजणीविरुद्ध उठले. सरकारी लिखाणात तो दंगा ठरला. एखाद्या घरात मात्र 'आमचा बाबा साहेबाला भिडला' असं सांगतात. घटना खरीच, पण आपला माणूस तिथे होता का, हे त्या पानावरून ठरत नाही. त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव, तिन्ही जुळणारा कागद लागतो.

'गाव वसलं तेव्हापासून आम्ही इथलेच' हेही तपासून घ्यावं. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. गावं ओस पडली. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आल्यावर हळूहळू पुन्हा वस्ती झाली. म्हणून गाव जुनं असलं तरी घराणं नंतर आलेलं असू शकतं. त्यात कमीपणा काही नाही.

नावांचा घोळ सर्वांत मोठा. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. 'पाटील' हे तर मुळात कामाचं पद. जुन्या कागदात त्याच घराचं आडनाव वेगळं सापडतं. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो; फसली सनात ५९० मिळवावे. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तो धरून चालावं.

जिल्हाही बघा. १९०६ पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता. मग पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव, आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. नंदुरबार १९९८ साली वेगळा झाला.

आणखी एक महत्त्वाचं. भाटाच्या वहीत बहुधा मुलींची नावं नसतात. म्हणून त्या घरात मुली नव्हत्या असं नाही. कायद्याने त्याही वारस आहेत. जुन्या वहीच्या आधाराने बहिणीचं नाव गाळू नका.

काम नेहमी आजपासून मागे करावं. सातबारा, फेरफार, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यू नोंद, शाळेचं रजिस्टर, आणि मग मोडी कागद. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघाव्यात. मोडी कागद जाणकाराकडूनच वाचून घ्यावा. धुळ्याला १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. जुने कागद जपण्याची ती परंपरा आपल्याच भागातली आहे.

जिथे पुरावा संपतो तिथे रेघ मारा आणि पुढे 'ऐकीव' असं लिहा. म्हातारी माणसं सांगतात ते आजच वहीत उतरवून ठेवा. कोणी सांगितलं आणि कधी, हेही लिहा. उद्या नातवंडं तुमची वही वाचतील, तेव्हा त्यांना याचाच आधार होईल.