अवकाशाची वाट : भाग 6 – छोट्या उपग्रहाचे स्वतःचे रॉकेट

2017 च्या फेब्रुवारीत एकाच पीएसएलव्ही रॉकेटातून 104 उपग्रह कसे गेले, ते मागच्या भागात पाहिले. त्या उड्डाणाची तारीख आणि कक्षा ठरली ती 714 किलोच्या कार्टोसॅट या मुख्य उपग्रहाच्या सोयीने. त्याच्यासोबत गेलेल्या पाच-पाच किलोच्या उपग्रहांना त्यात काही म्हणायला जागा नव्हती. छोट्या उपग्रहाची खरी अडचण हीच आहे. सोबतीने जाणे त्याला परवडते, पण थांबून राहावे लागते आणि मिळेल त्या कक्षेत समाधान मानावे लागते.

इस्रोने एसएसएलव्ही हे छोटे रॉकेट बांधले ते यासाठी. उंची 34 मीटर, वजन सुमारे 120 टन. पीएसएलव्ही 44 मीटर आणि 320 टनांचे. 500 किलोंचा उपग्रह एसएसएलव्ही 500 किलोमीटर उंचीवर नेते. किलोमागचा हिशेब मांडला तर छोटे रॉकेट मोठ्याला सहसा हरवू शकत नाही. रॉकेट लहान झाले म्हणून त्यातला संगणक, जमिनीवरची रडार किंवा सुरक्षेची व्यवस्था त्याच प्रमाणात स्वस्त होत नाही. म्हणून ‘स्वस्त रॉकेट’ एवढीच त्याची ओळख मला अपुरी वाटते. त्याचे मोल आहे ते मागणी येताच थोड्या दिवसांत, थोड्या माणसांनिशी उभे राहण्यात.

ही तत्परता येते घन इंधनातून. एसएसएलव्हीचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे आहेत. ते आधीच भरून ठेवता येतात. पण दिवाळीतल्या बाणाप्रमाणे घन टप्पा एकदा पेटला की मध्येच थांबवता येत नाही. कक्षेसाठी सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेग लागतो आणि त्यात थोडीशी चूकही महागात पडते. ती निस्तरायला सर्वांत वर द्रव इंधनाचा एक छोटा भाग बसवला आहे.

तरीही 7 ऑगस्ट 2022 चे पहिले उड्डाण फसले. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने वेगातला बदल मोजणारे त्वरणमापक क्षणभर आपल्या मर्यादेपलीकडे गेले. संगणकाने ते बिघडल्याचे ठरवले आणि त्यांच्याशिवाय पुढचा मार्ग आखला. 356 किलोमीटरची वर्तुळाकार कक्षा हवी होती. मिळाली 356 बाय 76 किलोमीटरची. 76 किलोमीटरवर हवेचा अडथळा एवढा असतो की उपग्रह टिकत नाही. देशभरातल्या 750 विद्यार्थिनींनी घडवलेला आझादीसॅटही त्यात गेला. इस्रोने टप्पा सुटण्याची यंत्रणा बदलली, बिघाड ओळखण्याचे निकष सुधारले आणि 10 फेब्रुवारी 2023 ला दुसरे उड्डाण यशस्वी केले. त्यात आझादीसॅट-2 होता, याचा मला विशेष आनंद आहे.

आता प्रश्न उड्डाणाच्या जागेचा. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेला ध्रुवीय कक्षेकडे जाताना श्रीलंकेला वळसा घालावा लागतो. पीएसएलव्हीला तो झेपतो. छोट्या रॉकेटची मात्र वाहून नेण्याची बरीचशी क्षमता त्यातच खर्च होते. तमिळनाडूतल्या कुलशेखरपट्टिणमहून दक्षिणेला मोकळा समुद्र आहे. तिथल्या नव्या तळाची पायाभरणी फेब्रुवारी 2024 मध्ये झाली.

ऑगस्ट 2024 च्या तिसऱ्या उड्डाणाच्या यशाने इस्रोचे विकासाचे काम संपले. जून 2025 मध्ये 511 कोटींच्या बोलीवर हिंदुस्थान एरोनॉटिक्सची हे रॉकेट बनवण्याचे तंत्रज्ञान घेण्यासाठी निवड झाली. आता कारखान्यातून एकामागून एक रॉकेटे वेळेवर बाहेर पडली, तरच छोट्या उपग्रहांचे ताटकळणे संपेल. पुढच्या आठवड्यात खासगी भारतीय रॉकेटांविषयी.